टापूवरची बंद घरं

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे मी एका म्हाताऱ्या बाईवर तिच्याच अंगणात ओरडले, याचं फार नवल वाटणार नाही. ओरडायला हवं होतं स्वतःवर. पण ते कळायला मला आधी तोंडघशी पडावं लागलं.

गोष्ट टापूवरची. समुद्रातला टापू नव्हे हो, आमच्या नंदुरबारला समुद्र कुठला! नर्मदेवर धरण झालं, पाणी मागे मागे सरत सातपुड्याच्या खोऱ्यांत शिरलं आणि काठच्या गावांतले काही डोंगरमाथे पाण्यात सुटे राहिले. खालची शेतं गेली, पायवाटा गेल्या, वरची घरं राहिली. अशाच एका माथ्यावर विसेक घरं आणि चहूबाजूंनी पाणी. पावसाळ्यानंतर पाणी वर चढतं. उन्हाळ्यात उतरलं की कडेला गाळ उघडा पडतो, त्यात लोक काहीबाही पेरतात. ये-जा डोंगीतून, वल्ही मारत.

मी नंदुरबारजवळच्या कोरीट गावची. बापाची कापूस-मिरचीची शेती, मी शिकले संगणक. नंदुरबारातल्या एका लहानशा संस्थेत नोकरी लागली आणि कामाचं नाव मिळालं भलंमोठं, मल्टी-एजंट सिम्युलेशन. आईला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापता थापता म्हणाली, "एजंट? म्हंजे विमा इकी ऱ्हायनी का तू?" तिला समजावलं तसंच इथे सांगते. संगणकात टापू मांडायचा. प्रत्येक घर म्हणजे एक ठिपका. त्या घरात धान्य किती, बियाणं किती, कामाची माणसं किती, आजारपण आलं तर काठ गाठायला वेळ किती, पाणी कुठवर चढतं, हे त्याला सांगायचं. मग तो ठिपका दरवर्षी आपला आपण ठरवतो, पेरायचं का, ऊसतोडीला जायचं का, आणि शेवटी इथे राहायचं का कायमचं उठायचं. एकदा नियम दिले की आपण हात लावायचा नाही. वर्षं पळवायची आणि काय होतं ते बघायचं.

आई म्हणाली, "इतलं त्या लोकेसले इचारी ले ना." त्या लोकांनाच विचार ना, म्हणे. मी हसले. शिकलेली होते ना!

यात खेळ काहीच नव्हता. बुडितातल्या कोणत्या वस्त्यांना पक्का धक्का आणि रोजची मोटारबोट द्यायची, हे त्या वर्षी ठरणार होतं. बोटी मोजक्या, वस्त्या जास्त. जी वस्ती टिकणारी, तिला बोट. जी टिकणारी नाही, तिथे धक्का बांधून करायचं काय, त्यापेक्षा माणसंच हळूहळू काठावर आणा, असा एकूण विचार. तो विचार मला चुकीचा वाटत नव्हता. टापूवर तेव्हा बोट नव्हती. बाई अडली तर डोंगी, आणि डोंगी मारणारा ऊसतोडीला गेलेला असला तर सगळा हवाला देवावर. हा टापू टिकेल का, एवढं मी सांगायचं होतं.

माघात पाहणीला गेले. अक्कलकुव्याहून जीप, मग घाट, मग उतार, मग पाणी. सोबत काठावरच्या गावातली आशाताई, म्हणजे आरोग्याचं काम करणारी बाई. टापूवरची बोली मला येत नाही, माझी अहिराणी त्या डोंगरात अर्ध्या वाटेवर दम टाकते. आशाताई दोन्हीकडचं बोलायची, शिवाय चिडायची नाही. मला दोन्हीची गरज होती.

निम्म्याहून जास्त घरं बंद होती. याचं मला काही वाटलं नाही. मी काही पुण्याहून उतरलेली नव्हते. दिवाळी झाली की डोंगरातली माणसं गुजरातेत ऊसतोडीला जातात, होळीला येतात, पुन्हा जातात, पेरणीआधी येतात, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. बंद घरांची माहिती शेजाऱ्यांकडून घेतली. माणसं किती, जमीन कुठली, बैल आहेत का. बियाण्याच्या रकान्यात मात्र ऐकीव लिहायचं नाही, डोळ्यांनी बघायचं, असं मीच ठरवलं होतं. मोठी शिस्तीची मी.

आम्ही उतरलो एका म्हाताऱ्या बाईकडे. नवरा नाही, लेक-सून ऊसतोडीला, घरात ती आणि दोन शेळ्या. मी तिला जिजी म्हणायला लागले, आमच्या खानदेशात थोरल्या बाईला म्हणतात तसं. तिलाही चाललं. कुडाचं घर, मधे चूल, आणि चुलीच्या वर आडव्या बांबूंना मक्याची कणसं टांगलेली. एवढी की छप्पर दिसेना. धुराने काळपट झालेली, पानं मागे वळवून जोडीजोडीने बांधलेली. त्या धुरामुळे कीड लागत नाही, पुढच्या पेरणीचं बियाणं असंच राखतात. मी मान वर करून मोजत बसले. मनात म्हटलं, बाई, हे तर टापूवरचं सगळ्यात भरलेलं घर. आणि तसं लिहिलं. बंद घरांची दारं शेजाऱ्यांनी उघडून दाखवली. चूल थंड, बांबू रिकामे. तिथे बियाण्यापुढे शून्य घातलं.

नंदुरबारला येऊन सगळं संगणकात भरलं आणि वर्षं पळवली.

पहिल्या दोन वर्षांत बंद घरांचे ठिपके एकेक करून विझले. बियाणं नाही, मग पेरणी नाही, मग परतायचं कशाला? बरोबरच आहे. ती गेली तसे राहिलेल्यांचे हात कमी पडले. मग तेही उठले. शेवटी एकच ठिपका उरला, जिजीचा. भरपूर बियाणं आणि आजूबाजूला कोणी नाही. पुढे तोही गेला. पडद्यावर नुसतं पाणी आणि मधे हिरवा डोंगर. मी पुन्हा चालवलं. शंभरदा चालवलं म्हणा ना. कधी वर्षभर लवकर, कधी वर्षभर उशिरा, पण टापू ओस पडायचाच. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण खरं सांगू? त्याहून जास्त मला माझं कौतुक वाटलं. जे टापूवरच्यांना दिसत नाही ते मला दिसतंय! अहवालात लिहिलं, "वस्ती दीर्घकाळ टिकण्याची शक्यता नाही." वरिष्ठांनी वाचून मान डोलावली आणि अहवाल पुढे गेला.

आमच्याकडे एक पद्धत होती, आणि ती मी मनापासून पाळायची. निष्कर्ष ज्यांच्याबद्दल आहे त्यांना जाऊन दाखवायचा. तोही पडद्यावर नाही, जमिनीवर. प्रत्येक घराला एक दगड, धान्याला मक्याचे दाणे, आणि आपण वर्षं पुकारायची. होळीनंतर लगेच गेले. होळीला आलेली बरीच माणसं पुन्हा तोडीवर निघून गेली होती, पण आठ-दहा जण होते. जिजीच्या अंगणात सारवलेल्या जमिनीवर राखेने टापू काढला. घराघरांचे दगड मांडले. माझ्या वहीप्रमाणे बियाण्याचे दाणे वाटले. बंद घरांपुढे काही नाही, जिजीपुढे ढीग.

म्हटलं, "आता पहिलं वर्ष. पेरा."

जिजीने ढिगातले दाणे उचलले आणि भराभर बंद घरांपुढे ठेवायला लागली. इथे चार, तिथे पाच, त्या वरच्या घराला मूठभर. बाकीचे बघत होते, कुणी हसलंही नाही. मी म्हटलं, "जिजी, असं नाही. आपापलं बियाणं आपापल्या घरात." दाणे गोळा करून पुन्हा तिच्यापुढे ठेवले. तिने पुन्हा वाटले. मी पुन्हा गोळा केले. तिसऱ्यांदा तिने हात घातला तशी माझ्या डोक्यात तिडीक गेली. ऊन मी म्हणत होतं, परतीची डोंगी पकडायची होती, आणि ही बाई माझा खेळ मोडत होती.

"वाटायचं नाही म्हटलं ना!" मी ओरडले. "अशी लबाडी केली तर खरं काय ते कसं कळणार?"

आशाताईने ते भाषांतर करायला नको होतं. पण केलं, इमानदार बाई. जिजी उठली. मला वाटलं आता घरात जाऊन दार लावून घेणार. तिने माझं मनगट धरलं, चांगलं घट्ट, आणि ओढत चुलीपाशी नेलं. वर बोट करून बोलायला लागली आणि आशाताई मागून सांगत होती. ही कणसं वरच्या घराची, बघ, पळसाच्या वाखाने बांधलीत. ही त्या दोघा भावांची, लाल चिंधी आहे. ही खालच्या घराची, त्यांची गाठ दुहेरी असते. ही बांबूच्या सालीची, त्या बाळंतिणीची. मग कोपऱ्यातल्या बारक्या आठ-दहा जोड्या दाखवून म्हणाली, ही माझी.

मला काही समजेना. म्हटलं, मग ती इथे का?

जिजीने माझ्याकडे असं बघितलं की आपण नेमकं काय शिकलो असं मला झालं. "बंद घरात चूल पेटते का? चूल नाही तर धूर नाही. धूर नाही तर कीड. जाणारा माणूस बियाणं राहणाऱ्याच्या चुलीवर टांगून जातो. आम्ही जाळ ठेवतो, ते येतात आणि आपली गाठ ओळखून घेऊन जातात."

मग तिने आशाताईला विचारलं, हिच्या वहीत काय लिहिलंय? आशाताईने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, सांग. तिने सांगितलं. या चुलीवरचं सगळं बियाणं तुझ्या नावावर आहे आणि बंद घरांकडे काही नाही, म्हणून ते परत येणार नाहीत, असं लिहिलंय.

 जिजी चुलीपाशी खाली बसली आणि तिचा आवाजच बदलला. "शेजाऱ्याचं बियाणं माझ्या नावावर? मला चोर केलं तू."

मी आयुष्यात पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत. आईची, मास्तरांची, वरिष्ठांची. एकही इतकी लागली नाही. मी विचारलं होतं, कणसं किती? कुणाची, हे विचारलंच नव्हतं. ज्याच्या चुलीवर त्याचं, हे मी धरूनच चालले होते. आमच्या कोरीटला ज्याच्या खळ्यात माल त्याचाच असतो, त्यात विचारायचं काय? त्या एका धरून चालण्यावर मी वीस घरं उठवली होती.

डोंगी सोडून दिली. आशाताईला म्हटलं, मी राहते, तू जा. ती म्हणाली, "तुम्हाला इथं कोण काय बोललं ते तरी कळंल का?" आणि राहिली. दोन दिवस आम्ही घरोघरच्या चुलीपाशी उभ्या राहिलो आणि प्रत्येक गाठीला एकच प्रश्न विचारला, ही कुणाची? डोळ्यांत धूर जाऊन पाणी यायचं, जिजीला वाटायचं मी रडतेय. थोडी रडतही होते म्हणा. बंद घरांपैकी एक सोडून सगळ्यांचं बियाणं कुठल्या ना कुठल्या चुलीवर होतं. ज्या एका घराचं नव्हतं, त्याबद्दल जिजी सरळ म्हणाली, "ते नाही येणार. यायचं असतं तर टांगून गेले असते." ते शून्य मी तसंच ठेवलं.

परत आल्यावर मला दुसरीच भीती वाटायला लागली. आता मला टापू टिकायला हवा होता. आणि हवं असलेलं उत्तर संगणकाकडून काढून घेणं अवघड नसतं. इकडे एक आकडा सैल करा, तिकडे एक आवळा. मी ठरवलं, नियम दोनच बदलायचे. बियाणं ज्याची गाठ त्याचं. आणि बियाणं दुसऱ्याच्या चुलीवर असेल, तर ती चूल पेटती राहील तोवरच ते जिवंत. बाकी कशाला हात लावायचा नाही, टापू उठला तर उठला.

चालवलं. ठिपके दिवाळीनंतर गेले, पेरणीआधी आले. गेले, आले. एक विझला, जिजीने सांगितलेला तोच. काही खेपांना टापू चांगला नांदला. पण काही खेपांना तो पहिल्यापेक्षाही झटकन ओस पडला, आणि मी खुर्चीतून उठून उभी राहिले. असं का? एकेक वर्ष उलगडून बघितलं. ज्या वर्षी मागे राहिलेल्या चार-पाच घरांपैकी एखाद्यातलं माणूस आजारी पडलं आणि वेळेवर काठावर पोहोचलं नाही, त्या वर्षी ती चूल बंद झाली. त्या चुलीवर चार घरांचं बियाणं होतं. एक चूल विझली की पाच घरं जायची. बोट घातली की हे बहुतेक वेळा टळायचं. म्हणजे मी सगळं उलटं सांगितलं होतं. टापू टिकेल का ते बघून बोट द्यायची नव्हती. मागे राहणाऱ्या त्या मूठभर म्हाताऱ्यांना बोट मिळाली, तर टापू टिकणार होता.

वरिष्ठांकडे गेले. ते माणूस म्हणून वाईट नाहीत, पण घाबरट. म्हणाले, "अहवाल बोटी वाटायच्या बैठकीच्या कागदांत गेलाय. आता चूक झाली म्हणायचं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. पुढच्या वर्षी सुधारित पाठवू." पुढच्या वर्षी! बोटी यंदा वाटल्या जाणार आणि आमची सुधारणा पुढच्या वर्षी. मी म्हटलं, साहेब, बैठकीला मी जाते, शिव्या मला पडू देत. ते म्हणाले, संस्थेचं नाव जाईल. मी म्हटलं, गेलं तर जाऊ दे. एवढं स्पष्ट बोलायला नको होतं, पण सांगितलं ना, नाकाच्या शेंड्यावर.

घरी आले. आईला सगळं सांगितलं. तिने वाटीतली शेव पुढे सरकवली. "चुकनी ते चुकनी. सांगी दे. दपाडशी ते दोनदा चुकशी." लपवशील तर दोनदा चुकशील. झालं, एवढंच. मग म्हणाली, शेव खा.

आशाताईला फोन करून बैठकीचा दिवस कळवला, केवळ कळवायचा म्हणून. बैठक अक्कलकुव्याला होती. मी दारात पोहोचले तर पायरीवर आशाताई आणि तिच्या शेजारी जिजी. धुतलेलं लुगडं, पायांना वाळलेला गाळ. आशाताई म्हणाली, "ऐकतच नव्हत्या. म्हणाल्या, माझं नाव कागदावरनं काढून घ्यायचंय." पहाटे डोंगीने काठ, तिथून डोंगर चढून रस्ता, तिथून जीप.

आत लांब टेबल, पंख्याखाली फडफडणारे कागद. आम्ही भिंतीकडेच्या खुर्च्यांवर बसलो. टापूचा विषय आला, बोटींचं ठरवणाऱ्या मोठ्या साहेबांनी अहवालातली ओळ वाचली आणि पुढचं पान उलटायला लागले. मी उभी राहिले.

"साहेब, ते चुकलंय. मी चुकवलंय."

पान तिथेच थांबलं. मग मी सगळं सांगितलं. कणसं, धूर, गाठी, माझी वही.  लॅपटॉप उघडून टेबलावर ठेवला आणि म्हटलं, तुम्हीच चालवा, कितीही वेळा. त्यांनी चालवलं. ठिपके गेले, आले. बोट काढून चालवलं, चूल विझली, पाच घरं गेली. पुन्हा चालवलं. ते हुशार होते, योग्य तेच विचारत होते.

"समजलं," ते म्हणाले. "पण बाई, मागच्या वेळीही तुम्हाला खात्रीच होती. बियाणं ठेवून गेले हे कबूल. तरी माणसाला एकदा बाहेरची सवय लागते. ते परत येतीलच हे कशावरून?"

याला माझ्याकडे आकडा नव्हता.  मागे आशाताई कुजबुजत जिजीला प्रश्न सांगत होती. खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

जिजी मराठी क्वचित बोलायची. तिथे बोलली, थांबत थांबत.

"साहेब, मी टापूवरनं आली. डोंगीत बसली, डोंगर चढली, जीपला लटकून आली. इथं माझं घर नाही, शेत नाही, माणूस नाही. एका शब्दासाठी आली. त्यांचं तर तिथं घर आहे. ते नाही येणार?"

 साहेबांनी अहवाल जवळ ओढला आणि माझी ओळ खोडली. मग बोटींच्या यादीत शेवटी टापूचं नाव लिहून कागद शेजारच्यांकडे सरकवला. शेजारच्यांनी वाचून मान हलवली.

जिजी अजून उभीच होती.

"बसा ना आजी," साहेब म्हणाले. "चहा येतोय."

जिजी माझ्याकडे वळली. "बसत नाही. डोंगीवाला थांबलाय. तो गेला, तर मला घरी कोण नेणार?"